उ मिनुती: एका कोरीव भिंतीच्या कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२४

कामाचा विषय आज पक्का केला. प्रागच्या जुन्या नगरचौकातलं 'उ मिनुती' हे घर, क्रमांक ३. जुन्या टाऊन हॉलच्या इमारतींची रांग संपते तिथेच हे उभं आहे. खगोल-घड्याळासमोर दर तासाला जी गर्दी जमते, तिने मान थोडी डावीकडे वळवली तरी ही काळी-पांढरी भिंत दिसते.

घराचं मूळ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, गॉथिक. सोळाव्या शतकात रेनेसाँ पद्धतीने त्याचं रूप बदललं, वर मजला चढला, छताखाली लहान लहान अर्धगोलांची पुढे झुकलेली पट्टी, म्हणजे कॉर्निस आली. मग भिंतीवर स्ग्राफितो झालं, तेही दोन टप्प्यांत: एक भाग १६०० च्या आधीचा, दुसरा १६१५ च्या थोडा आधीचा. स्ग्राफितो म्हणजे रंगकाम नव्हे. खाली गडद गिलावा, वर पांढऱ्या चुन्याचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा गडद थर उघडा करायचा. चित्र रंगाने उमटत नाही, चुना काढून टाकल्याने उमटतं.

मला करायचं आहे ते एवढंच: या भिंतीवरची कुठली रेघ कुणाच्या हातची, याचा नकाशा. चारशे वर्षांत इथे बऱ्याच जणांचे हात लागले आहेत. मूळ कारागिराची रेघ, नंतर कुणी खोल केलेली रेघ आणि पूर्णपणे नव्या गिलाव्यावर काढलेली रेघ, या तिन्ही खालून पाहताना एकसारख्याच दिसतात. सगळं काम चौकातून, लांब पल्ल्याच्या लेन्सने आणि हाताने काढलेल्या रेखाटनांवरून होणार. भिंतीला बोटही लावायचं नाही. तसा अधिकारही नाही. चेक प्रजासत्ताकात १९८७ च्या वारसा कायद्यानुसार अशा कलाकामाचं पुनर्स्थापन करायला संस्कृती मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे.

१४ एप्रिल

भिंत वाचायची रीत ठरवली. आधी मांडणी, मग आकृत्या, मग रेघा.

मांडणी खिडक्यांनी ठरवली आहे. खिडक्यांच्या मधल्या उभ्या पट्ट्यांत एकेकटी माणसं, आडव्या पट्ट्यांत गर्दीचे प्रसंग. बायबलमधल्या कथा, ग्रीक-रोमन पुराणं, रेनेसाँ काळातल्या दंतकथा. त्या काळी अल्प्सच्या उत्तरेकडचे कारागीर नेदरलँड्स आणि जर्मनीतून येणाऱ्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या छापांवरून अशी चित्रं उचलत. हातभर कागदावरची गर्दी दोन खिडक्यांमधल्या अरुंद जागेत बसवताना कुणाचा हात आखडतो, कुणाचा घोडा अर्धा कापला जातो. ही ओढाताण जिथे दिसते तिथे मला मूळ कारागीर भेटल्यासारखा वाटतो. नंतरचा दुरुस्ती करणारा माणूस अशी अडचण सहसा निर्माण करत नाही, तो सरळ करतो.

कोपऱ्यावर दगडी सिंह आहे. अठराव्या शतकात इथे 'पांढरा सिंह' नावाची औषधशाळा होती, तिची ही खूण. भिंतीच्या नकाशात त्याला जागा नाही, पण दोन बाजूंचे पट्टे जोडताना संदर्भबिंदू म्हणून तोच सगळ्यात उपयोगी पडतोय.

२१ एप्रिल

दिवसभर पाऊस, म्हणून घराचा कालपट लिहून काढला.

१६१५ च्या सुमाराला भिंत पूर्ण झाली. २१ जून १६२१ रोजी टाऊन हॉलसमोर सत्तावीस जणांना देहदंड दिला गेला. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या, पांढऱ्या टेकडीच्या लढाईत हरलेल्या बंडाचे ते नेते होते, आणि त्यांच्या आठवणीचे सत्तावीस क्रूस आज तिथल्या फरसबंदीत आहेत. तेव्हा या भिंतीचा चुना जेमतेम सहा-सात वर्षांचा, अजून पांढराशुभ्र असणार.

पुढे रुची बदलली आणि चित्रं गिलाव्याखाली गेली. १८८९ ते १८९६ या वर्षांत काफ्का कुटुंब इथे राहत होतं. पुढे लेखक झालेला फ्रान्झ शाळेत जायला लागला तो या घरातून, आणि एली, वाली, ओटला या त्याच्या तिन्ही बहिणी याच काळात जन्मल्या. आज पर्यटकांना "काफ्काचं घर" म्हणून ही चित्रं दाखवतात. त्या मुलांना मात्र इथे राहत असताना ती कधी दिसली नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे साधी, लिंपलेली भिंत होती.

चित्रं पुन्हा बाहेर आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तो काळ समजून घ्यायला हवा. १८९३ च्या कायद्याने प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीची पाडापाडी सुरू झाली होती, चौकापासून अगदी पावलांवर. तिच्या विरोधातून १९०० साली जुन्या प्रागच्या रक्षणासाठी नागरिकांची संघटना उभी राहिली. घर जुनं आहे म्हणून पाडणं त्या वेळी सहज मान्य होत होतं. गिलाव्याखाली चित्रं निघाली की मात्र पाडणाऱ्याला विचार करावा लागतो. मे १९४५ च्या नाझींविरुद्धच्या उठावात शेजारच्या टाऊन हॉलची नवगॉथिक बाजू जळून गेली, ती परत बांधलीच नाही. हे घर राहिलं.

मला राहून राहून वाटतं की ज्या गिलाव्याने ही चित्रं झाकली, त्यानेच ती आपल्यापर्यंत पोचवली. जी शतकं ती उजेडात नव्हती, त्या शतकांत पाऊस आणि धूर यांचा मार वरच्या थराने खाल्ला.

५ मे

नमुन्याची पाटी सुरू केली. ओल्या चुन्यात ओढलेली रेघ आणि वाळलेल्या चुन्यात ओढलेली रेघ यांतला फरक स्वतःच्या हाताने पाहिल्याशिवाय भिंतीवर बोट दाखवायचा मला हक्क नाही.

जुना, भिजवून मुरवलेला चुना मिळाला, लोण्यासारखा. खालच्या थरात धुतलेली नदीची वाळू, थोडी जाडसर. गडद थरासाठी त्याच चुन्या-वाळूत कोळशाची पूड मिसळली. इटालियन चित्रकार आणि लेखक जॉर्जो वासारी यांनी १५५० साली छापलेल्या ग्रंथात या तंत्राची कृती दिली आहे. त्यांच्याकडे काळेपणासाठी जळलेला पेंढा आहे, त्याने गिलाव्याला चंदेरी झाक येते. वर ट्रॅव्हर्टिन दगडाच्या चुन्याचा पांढरा हात. मग टोचे मारलेला कागद लावून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, आणि शेवटी लोखंडी टोकाने खरवडायचं. वाचताना अर्ध्या पानात संपतं.

गडद थर ओढून पाटाने सपाट केला, पण घोटला नाही. फार घोटला तर पांढरा हात धरत नाही.

११ मे

सकाळी गडद थर पुन्हा ओला केला, त्यावर चुन्याचे पातळ हात, एक ओढून थोडा शोषला की पुढचा. पाटीचे उभे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्टा वेगळ्या वेळी कोरला, मुद्दाम.

लगेच कोरलेल्या पट्ट्यात पांढरा थर हत्याराबरोबर ओढला जातो, रेघेच्या कडेला चुन्याची वळी जमते आणि गडद थर मळकट होतो. दुपारच्या सुमाराला जो पट्टा केला, तो हवा तसा निघाला. हत्यार फिरतं तेव्हा हलका, कोरडा आवाज येतो, पांढरा थर तुकड्यांनी न निघता भुग्याने निघतो, आणि रेघेच्या तळाशी वाळूचे दाणे जागच्या जागी बाजूला सरकलेले दिसतात. कडा मऊ, किंचित गोलसर. संध्याकाळी कोरलेल्या पट्ट्यात कडा आधीच ठिसूळ व्हायला लागल्या होत्या.

पांढऱ्याच्या आत छटा कशी आणतात हेही आज कळलं. गालावरची सावली, कपड्याची चुणी यांसाठी संपूर्ण खरवडत नाहीत, समांतर बारीक रेघा मारतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा नक्षीकार जसं करतो तसंच, फक्त इथे रेघ बोटाएवढी रुंद, कारण ती वीस-तीस हातांवरून वाचायची आहे. म्हणूनच जवळून घेतलेल्या फोटोत चेहरे ओबडधोबड दिसतात. ते चौकातूनच पाहायचे असतात.

एक पट्टा कोरा ठेवला आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी व्हायला वेळ लागतो. तो घट्ट झाल्यावर, उन्हाळा संपताना कोरणार.

१२ मे

कुडाळला तात्यांना फोन केला. आईचे थोरले मामा, आयुष्यभर चुन्याचं काम केलेले गवंडी. कोरायची वेळ कशी ओळखायची हे पुस्तकात कुठेच धड लिहिलेलं नाही, म्हणून त्यांना विचारलं.

"आंगठो लावन बघ," तात्या म्हणाले. "चुनो आंगठ्याक लागता तवसर थांब. थंड लागता पण हाताक येना नाय, मगे टोचूक घे."

त्यांनी तरुणपणी कावीचं काम पाहिलंय. गोवा, दक्षिण कोकण आणि कारवारपट्ट्यातल्या देवळांत नि घरांत ही कला आहे, आणि तंत्राने ती स्ग्राफितोच्या घरातलीच. फरक थरांच्या क्रमाचा. प्रागमध्ये गडद खाली आणि पांढरा वर. आपल्याकडे शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा खाली, आणि वर कावेचा, म्हणजे लाल मातीच्या रंगाचा थर. लाल खरवडायचा, पांढरं उघडं करायचं. आपल्याकडे चुन्यात गूळ घालून तो मुरवतात, मग कोरलेला पृष्ठभाग गुळगुळीत दगडाने घोटतात. पावसाळा सोसायचा तर तेवढं करावंच लागतं.

तात्यांनी विचारलं, तिकडच्या भिंतीवर पाणी कुठून येतं? हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, आज घातला. कॉर्निस, पन्हळी, खिडक्यांच्या खालचे दगडी कठडे: रेघांच्या नकाशावर पाण्याच्या वाटा वेगळ्या रंगाने दाखवायच्या.

२ जून

तुलनेसाठी प्रागच्या किल्ल्याच्या बागेतली मिचोव्ना, म्हणजे राजदरबाराचं चेंडूगृह. १५६७ ते १५६९ मध्ये बोनिफाट्स वोल्मुट यांनी बांधलं. भिंतभर स्ग्राफितो, सद्गुणांच्या नि शास्त्रांच्या रूपकमूर्ती. १९४५ साली इमारत जळली आणि पुढे वास्तुकार पावेल यानाक यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभी केली. त्या कामात एका मूर्तीशेजारी विळा-हातोडा आला. लहानसा आहे, पण एकदा दिसला की पुन्हा पुन्हा तिथेच नजर जाते.

लोक तो दाखवून हसतात. मला तो मोलाचा वाटतो. त्या एका खुणेमुळे सोळाव्या शतकाच्या म्हणून पाहिल्या जाणाऱ्या भिंतीवर विसाव्या शतकाचा हात कुठे फिरला आहे हे उघड कळतं. बाकी ठिकाणी हात तितकाच फिरलाय, फक्त सही नाही.

१५ जून

धुराविषयी. प्रागमधली घरं आणि कारखाने दीर्घकाळ कोळशावर चालले, त्यातही उत्तर बोहेमियातला तपकिरी कोळसा, गंधकाने भरलेला. हवेतला गंधक डायऑक्साइड ओलाव्याबरोबर चुन्यावर बसला की चुनखडीचं जिप्सम होतं. जिप्सम पाण्यात जास्त विरघळतं आणि काजळी धरून ठेवतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जातं आणि पृष्ठभाग झिजतो. जिथे आडोसा असतो, कॉर्निसच्या खाली, कठड्याच्या पोटात, तिथे काळा पापुद्रा जमतो. कालांतराने तो सुटतो आणि पांढरा थर सोबत घेऊन जातो.

स्ग्राफितोला हे दुप्पट लागतं, कारण चित्राचा सगळा अर्थ काळ्या-पांढऱ्याच्या फरकावर आहे. पांढरं काळवंडलं की चित्र नुसतं मळत नाही, ते उलटंपालटं होतं: सावली कुठली आणि काजळी कुठली हे कळेनासं होतं. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याला मोह पडतो. तो रेघ खोल करतो, म्हणजे चित्र "परत दिसायला" लागतं. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. प्रत्येक वेळी रेघ थोडी रुंद, थोडी सरळ, थोडी कमी जिवंत.

१९९० च्या दशकात इथल्या वीजकेंद्रांच्या धुरातून गंधक काढायची यंत्रणा बसली, शहराची हवा पुष्कळ सुधारली. म्हणजे आता घाई करायचं कारण कमी झालंय.

६ जुलै

लितोमिश्ल या गावी जाऊन आले. तिथला किल्ला १५६८ ते १५८१ मधला, पेर्नश्टेइन घराण्याचा. बाहेरच्या भिंतींवर पाकिटाच्या आकाराचे सुमारे आठ हजार चौकोन, प्रत्येकात वेगळी नक्षी. अंगणाच्या भिंतीवर मिल्वियन पुलावरची रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची लढाई, भलीमोठी.

या भिंतींचं काम १९७० आणि ८० च्या दशकांत ज्या गटाने केलं, त्यात शिल्पकार ओल्ब्राम झोउबेक आणि झ्देन्येक पाल्त्सर, चित्रकार वात्स्लाव बोश्तीक आणि स्तानिस्लाव पोध्राझ्स्की होते. आपल्या काळातले मोठे कलावंत, ज्यांना त्या वेळच्या कम्युनिस्ट राजवटीत स्वतःचं काम मोकळेपणाने दाखवता येत नव्हतं, आणि पुनर्स्थापनावर त्यांचं पोट चालत होतं. वर्षानुवर्षं ते या भिंतींवर उन्हाळे काढत.

मी तासन्‌तास पाकिटंच पाहत बसले. जुन्या कारागिरांच्या फौजेत कुणी फुलं काढणारा, कुणी प्राणी, कुणी नुसता भूमितीत रमणारा. नंतरच्यांनी भरलेल्या जागाही आहेत, आणि त्यातल्या काहींमध्ये विसाव्या शतकाचा हात लपत नाही. माझं मत असं झालं की जिथे मूळ काहीच उरलेलं नाही तिथे चांगल्या कलावंताने प्रामाणिकपणे नवं भरणं हे, उरलेल्या अर्धवट रेघेला "दुरुस्त" करण्यापेक्षा कितीतरी कमी नुकसानीचं आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच सूत्र आहे: अंदाज सुरू झाला की पुनर्स्थापन थांबायला हवं. उ मिनुतीच्या नकाशावर म्हणून सगळ्यात आधी अर्धवट रेघा शोधायच्या. पूर्ण, सुबक रेघा थांबू शकतात.

२४ ऑगस्ट

रेखाटनांचे ताव जवळपास पुरे. रंगांची चावी अशी ठरली:

हिरवा: मऊ कडांची, जाडी बदलत जाणारी रेघ. ओल्या चुन्यात ओढलेली असण्याची शक्यता मोठी.
नारिंगी: एकाच रुंदीची, तुटक कडांची रेघ. नंतर खोल केल्याचा संशय.
जांभळा: आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा पोत आणि रंग वेगळा असलेला तुकडा, रेघेसकट.
निळा: पाण्याची वाट.
राखाडी: खालून सांगता येत नाही.

राखाडी भाग मोठा आहे, आणि तो मोठाच राहू दिला. एका सहकाऱ्याने सुचवलं की तिथे अंदाजाने हिरवा किंवा नारिंगी भरावा, ताव भरीव दिसतील. नाही भरणार. पुढे कुणी परवानाधारक माणूस परांचीवर चढेल तेव्हा त्याला माझा अंदाज खऱ्यासारखा वाटला तर त्याचं हत्यार चुकीच्या जागी पडू शकतं. भिंत एकच आहे.

मजल्यांच्या मधल्या आडव्या पट्ट्यांकडे पुन्हा लक्ष दिलं. ओला गिलावा एका वेळी जितका पुरा करता येईल तितकाच लावायचा, त्यामुळे रोजच्या कामाचे सांधे पडतात, आणि अनुभवी माणूस ते आडव्या पट्ट्यांच्या आणि चौकटींच्या रेघेत दडवतो. तिरक्या उन्हात जिथे गिलाव्याची पातळी किंचित बदललेली वाटली, त्या जागा तावावर तुटक रेघेने दाखवल्यात. त्यावरून त्या माणसांनी दिवसाला किती भिंत उरकली असेल, याचा विचार करता येईल. उन्हात उभं राहून, वरून ऊन चुना सुकवतंय, खालून मुकादम हाक मारतोय, आणि हातात कुणाचातरी चेहरा अर्धा झालेला.

२९ सप्टेंबर

राखून ठेवलेला पट्टा आज कोरला. चुना आता कडक. त्याच हत्याराने, त्याच दाबाने सुरुवात केली तर नुसता ओरखडा उठला. जोर लावल्यावर पांढरा थर कपच्यांनी उडाला, कडा करवतीसारख्या दातेरी झाल्या, आणि भिंगातून पाहिलं तर रेघेतले वाळूचे दाणे सरकलेले नव्हते, उखडून निघाले होते. मेमधल्या रेघेत ते दाणे शाबूत बसलेले आहेत. दोन्ही पट्ट्यांचे तिरक्या उजेडातले फोटो शेजारी ठेवले, आणि नारिंगी खुणांचे ताव पुन्हा बाहेर काढले.

काही नारिंगी खुणा हिरव्यात गेल्या. तिथल्या कडा तुटक दिसतात, पण हवेने झिजून. दाणे कापलेले नाहीत, आजूबाजूचा चुना गेल्यामुळे वर आलेत. उलट दोन-तीन जागी, जिथे माझ्या मनात शंकाही नव्हती, तिथे दातेरी कड स्पष्ट दिसली. त्यांतली एक जागा मला भिंतीवर सगळ्यात आवडणाऱ्या आकृतीच्या हातावर आहे. नारिंगी केली.

नमुन्याची पाटी तावांसोबत जाईल, कोरल्याच्या वेळा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून. तात्यांना फोटो पाठवले. त्यांनी मेमधला दुपारचा पट्टा चटकन ओळखला आणि पुढचा प्रश्न विचारला: पाटीत गूळ घालून पाहिलास का? घातलेला नाही. कावीसाठी वेगळी पाटी करायची आहे, लाल वर आणि पांढरा खाली, आणि तिच्यासाठी शिंपल्यांचा चुना कोकणातूनच आणावा लागेल. डिसेंबरात घरी जाणार आहे, तेव्हा तात्यांच्या हाताखाली करीन. इथे थंडीत चुन्याचं काम तसंही बंद. ओल्या गिलाव्यातलं पाणी गोठलं की थर आतून फुटतो.